दुसरा पीस

आमच्या फाउंड्रीत वरून काही पडलं की बोंबाबोंब व्हायची. क्रेनची साखळी निसटली, पत्र्यावरचा एखादा नट घरंगळला, तरी सुपरवायझर धावत यायचा आणि हेल्मेट कोणाच्या डोक्यावर आहे, कोणाच्या काखेत आहे ते बघायचा. अशा त्या चाकणच्या कंपनीत एकच माणूस होता, जो वरून काहीतरी पडावं म्हणून आयुष्यभर मान वर करून बसला होता. तो आमच्या मेटलर्जी लॅबचा, म्हणजे ओतलेल्या लोखंडाच्या भागांची तपासणी करणाऱ्या खात्याचा, प्रमुख होता. म्हणजे माझा साहेब.

मी त्यांना सर म्हणायचे. शॉपफ्लोअरवरची पोरं तोंडावर साहेब म्हणायची आणि पाठ फिरली की दगडसाहेब. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा कँटीनच्या रांगेत मागून कोणीतरी म्हणालं, "सरका रे, दगडसाहेब आले." सर वळून शांतपणे म्हणाले, "नुसता दगड नाही राव, उल्कापाषाण. दगड तुमच्या भातात आहे." ताट घेऊन बसल्यावर तो मुलगा भात चावायला लागला आणि खरंच कडकन खडा लागला. त्यानंतर पोरं त्यांना जरा दबकून असत.

खिशाला पेन नसायचं. त्या जागी दोरीला बांधलेलं एक लोहचुंबक असायचं. रस्त्यात काळा दगड दिसला की स्कूटर थांबवायची, दोरी सोडायची, चुंबक लोंबकळत दगडावर धरायचं. तळवड्याच्या चौकात ऐन ट्रॅफिकमध्ये त्यांनी हे केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. मागे कंपन्यांच्या बसेस हॉर्न बडवत होत्या आणि हे उकिडवे बसून खडीशी बोलत होते. त्या चुंबकापायी एटीएमची कार्डं सारखी निकामी व्हायची. शेवटी बँकेतल्या बाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही आपले स्लिप भरूनच पैसे काढत जा."

बीडहून शिकून आलेली मी, पहिली नोकरी, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मायक्रोस्कोपसमोर बसवून विचारलं, "जीव म्हणजे काय गं?" मला वाटलं ट्रेनीची परीक्षा चाललीय. मी शाळेतली व्याख्या सांगितली. ते म्हणाले, "ते राहू दे. तुला एक कास्टिंग दिलं. त्याला चीर आहे. काय म्हणशील?"

"डिफेक्ट."

"कशामुळे?"

"एकावरून कसं सांगणार सर?"

ते एवढे खूश झाले की टेबलावर हात आपटला. "बरोबर! एका पीसला चीर आली तर तो अपघात. दोन पीसना तशीच चीर आली, तर तो अपघात नाही, ती प्रोसेस. आता पृथ्वीवर जीव झाला. हा झाला एक पीस. यावरून मी काय सांगणार? मला दुसरा पीस पाहिजे."

हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं की झोपेत म्हणू शकेन. काही उल्का काळ्या, ठिसूळ, कोळशासारख्या असतात. त्यांच्यात कार्बन असतो आणि ज्या कच्च्या मालातून जीव तयार होतो, तो कच्चा माल कधीकधी त्यांच्या पोटात सापडतो. हे जगातल्या मोठमोठ्या लोकांनी आधीच बघून ठेवलंय. सर म्हणायचे, "कच्चा माल बाहेर आहे, हे कळलं. पुढचं ऑपरेशन कुठे झालंय का, ते बघायचंय." पण त्यासाठी दगड ताजा हवा. पडल्या पडल्या उचललेला, माणसाचा हात न लागलेला. कारण पृथ्वीवरचं सगळंच जिवाने माखलेलं आहे. नुसत्या बोटाचा घाम लागला तरी दगडात जे सापडेल ते आकाशातलं की आपल्या बोटाचं, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. "आणि त्याला वास असतो म्हणे," ते म्हणायचे. "ताज्या दगडाला डांबरासारखा वास येतो, असं वाचलंय. एकदा तो वास घ्यायचाय."

मी एकदा विचारलं, "आणि दुसरा पीस मिळालाच नाही तर?"

"तर आपण म्हणजे एक चीर. एवढ्या मोठ्या विश्वात एकदाच पडलेली." मग म्हणाले, "घरी गेलो की मी बोलतो, त्याला कोणी उत्तर देत नाही. तेच जर सगळीकडे असेल, तर फार वाईट आहे गं."

निगडीला प्राधिकरणात त्यांचं बैठं घर होतं. बायको मी नोकरीला लागायच्या आधीच वारलेली, मूलबाळ नाही. अंगणात तुळशीच्या जागी काळ्या दगडांचा ढीग. लोकांनी आणून दिलेले. सरांच्या वेडाची बातमी चाकण-भोसरीच्या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्यात पसरलेली होती, आणि आमच्या पट्ट्यात काळे, जड, भाजलेले दगड पैशाला पासरी मिळतात. त्यातला दगड एकही नसतो. ती सगळी भट्टीतली स्लॅग, वितळलेल्या लोखंडावरची मळी, कोण कुठल्या कंपनीने कधी रस्त्याच्या भरावात टाकलेली. सर एकालाही हाकलायचे नाहीत. प्रत्येक तुकडा कापायचे, घासायचे, मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि माणसाला बसवून समजावून सांगायचे. एक जण तर पिशवीत स्लॅग घेऊन बुलेटवर आला होता, गळ्यात साखळी. कोट्यवधींची वस्तू आहे, परदेशात गिऱ्हाईक आहे, फक्त तुमचा शिक्का पाहिजे, असं म्हणाला. सर म्हणाले, "भाऊ, हा आकाशातला नाही. भोसरीतला आहे." तो जाताना शिव्या देऊन गेला. सर त्या दिवशी जेवले नाहीत. शिव्यांचं त्यांना काही नव्हतं. कापेपर्यंत त्यांनाही आशा वाटलेली असायची, दर वेळी, आणि मला त्या आशेचा फार राग यायचा.

उल्कांची बारीक धूळही रोज पडत असते, कुठल्याही गच्चीवर, हे त्यांनी मला सांगितलं आणि एका गुरुवारी झाडू घेऊन कासारवाडीला नेलं. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्याची सुट्टी. स्टेशनजवळच्या एका सोसायटीच्या गच्चीवर आम्ही पावसाच्या पन्हाळीतला गाळ खरवडत होतो, तोच वॉचमन काठी घेऊन वर आला. पाण्याच्या टाकीचे नळ चोरीला जात होते, त्याने आम्हालाच धरलं. सर म्हणाले, "अहो, आम्ही आकाशातली धूळ गोळा करतोय." वॉचमनने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, तुमी तर शिकलेल्या दिसता." सेक्रेटरी येईपर्यंत त्याने आम्हाला गेटजवळच्या बाकावर बसवून ठेवलं. सरांनी त्यालाही जीव म्हणजे काय ते विचारलं.

त्या गाळात चुंबकाला चिकटणारे सुरेख गोल मणी निघाले, मोहरीपेक्षा बारीक, चकचकीत. मी हरखले. सर एकेक मणी बघत गेले आणि एकेक बाजूला टाकत गेले. वेल्डिंगचा. ग्राइंडिंगचा. भट्टीचा. पुन्हा वेल्डिंगचा. "मी चुकीच्या गावात आयुष्य काढलं," ते म्हणाले. "एखाद्या वाळवंटात असतो, तर जे काळं दिसेल ते वरून पडलेलं. इथे जे काळं दिसतं ते आपलंच उडवलेलं."

त्यांच्या नोकरीचं म्हणाल, तर त्यांना बढती नव्हती. एकदा स्टिअरिंगच्या भागांच्या एका लॉटमध्ये चिरा सापडल्या. ट्रक गेटवर उभा, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन, आणि प्लांट हेड स्वतः लॅबमध्ये आले. "साहेब, हेअरलाइन आहे. सही करा, पुढच्या लॉटला बघू." सरांनी पेन मागितलं, कारण त्यांच्या खिशाला पेन नसायचंच, आणि प्लांट हेडच्याच पेनाने लिहिलं, नॉट ओके. ट्रक रिकामा गेला. महिन्याभरात सरांची केबिन गेली आणि शेडच्या टोकाला पत्र्याच्या पार्टिशनमागे टेबल आलं. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. मला एवढंच म्हणाले, "ओके हा शब्द फार जड आहे. उगाच उचलू नये."

त्या पार्टिशनमागे त्यांच्याबरोबर मामा असायचे. मामा म्हणजे आमचे सॅम्पल कापणारे. चाकणच्या पलीकडचं गाव, घरची शेती, वडिलोपार्जित जमिनीतली थोडी रस्त्यात गेलेली, थोडी कंपनीत, उरलेली दोघा भावांत. कास्टिंगचा तुकडा कापायचा, घासायचा, चकाकी आणायची, आणि तपासणी झाली की टॅग लावून ठेवायचा, हे त्यांचं काम. नोकरीला लागले तेव्हा एकदा त्यांनी एक सॅम्पल तसाच उघडा ठेवला होता. पावसाळी हवा, रात्रीतून गंज चढला आणि चीर होती की नव्हती ते कळेना. सरांनी त्यांना सगळ्या शॉपसमोर झापलं. "लोखंड उघडं ठेवायचं नाही, मामा! माणूस उघडा राहिला तर चालेल!" मामांनी ते काळजावर कोरून घेतलं. पुढे त्यांचा प्रत्येक सॅम्पल ब्रशने साफ केलेला, थिनरने पुसलेला, गंजरोधक तेलात बुडवलेला, मेणकट पिवळ्या कागदात गुंडाळलेला, वर पॉलिथिन आणि टॅग. गावाकडे विहिरीवरचा पंप, नांगराचा फाळ, घरातली विळीसुद्धा ते तेल लावून ठेवायचे. सर सगळ्यांना सांगायचे, सॅम्पल सांभाळावा तर मामांनी.

बाकीच्या गुरुवारी सर स्कूटर काढून चाकणच्या आसपासच्या गावांत जायचे. देवळासमोरच्या कट्ट्यावर चार माणसं जमवायची आणि सांगायचं, "आकाशातून दगड पडला, तर हात लावू नका. पाणी घालू नका, दूध घालू नका, हळद वाहू नका, शेंदूर फासू नका, नारळ फोडू नका. मला फोन करा. दुसऱ्या कोणाला नको, मलाच करा." बरोबर फॉइलचे स्वच्छ तुकडे न्यायचे, ते वाटायचे. बायका त्यात भाकरी बांधून द्यायच्या.

लोक ऐकून घ्यायचे, पण ते कोणाच्या मनाला पटायचं नाही. मामांच्याच गावात एक म्हातारा उठून म्हणाला, "आवो पर वरनं आलेलं काय तसंच ठिवायचं व्हय? त्येचं काय तरी केलं पायजे का न्हाई?" सर अडखळले. मग त्यांना सुचलं. म्हणाले, "हे बघा, देव समजू नका. सॅम्पल समजा. तुमची पोरं कंपनीत जातात ना? तिथे सॅम्पल जसा सांभाळतात, तसा सांभाळा." सगळ्यांच्या माना हलल्या. हे कळलं होतं. मामा तर मागे उभे राहून अभिमानाने हसत होते. त्या दिवसापासून सर प्रत्येक गावात तेच वाक्य म्हणू लागले.

आणि दगड पडला.

गुरुवारच होता. दुपारी चाकणच्या बाजूला मोठा आवाज झाला, आणि सगळ्यांना एकच वाटलं, कुठल्यातरी कंपनीत बॉयलर फुटला. लोक एकमेकांना फोन करून विचारत होते, तुमच्या कंपनीत का आमच्या? सर त्या वेळी निगडीत एका दवाखान्यात पडून होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन. फोन बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना घरी सोडलं, तेव्हा मी मोसंबी घेऊन बघायला गेले. एका डोळ्यावर हिरवं झापड, दुसऱ्याने आधीपासूनच अंधुक दिसायचं. मी मोसंबी सोलत होते, एवढ्यात मामा आले. दाढी वाढलेली, कपाळाला टेंगूळ, छातीशी एक पिशवी.

"साहेब, पडला."

"काय पडलं?"

"त्योच. तुमचा. आमच्या कांद्यात."

सर उठून उभे राहिले. मी त्यांना धरलं.

"कोणी हात लावला?"

"कुनाला लावू दिला न्हाई साहेब. आई हळद-कुकू घिऊन आली, म्हनली, रानात देव चालून आला. थोरला भाऊ नारळ घिऊन आला. मी आडवा झालो. म्हनलं, ह्यो देव न्हाई, ह्यो सॅम्पल हाय. भावानं ढकललं, बांधावर आपाटलो. पर सोडला न्हाई."

"पाणी घातलं?"

"टिपूस न्हाई."

"दूध?"

"न्हाई."

"शेंदूर?"

"फिरकू दिला न्हाई जवळ."

प्रत्येक उत्तराला सरांचा चेहरा उजळत गेला. त्या माणसाला मी इतक्या वर्षांत हसताना पाहिलं होतं, आनंदात कधी पाहिलं नव्हतं. एक डोळा झाकलेला आणि सगळं तोंड लहान मुलासारखं उघडलेलं.

मामांनी पिशवीतून पुडकं काढून त्यांच्या हातात दिलं. मला ते दिसलं. वर पॉलिथिन होतं. पॉलिथिनच्या आत मेणकट पिवळा कागद. दोऱ्याला बांधलेला हिरवा टॅग, त्यावर मामांच्या अक्षरात तारीख आणि ओके.

सरांना ते दिसलं नाही. त्यांनी कागद उलगडला, दगड दोन्ही तळहातांवर घेतला, हळूच नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला.

मी दूर उभी होते तरी मला तो वास आला. रोज आठ तास आमच्या कपड्यांना येतो तोच.

सरांनी दगड हळूच मांडीवर ठेवला. मग सरांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "तुम्ही काय काय केलंत, मामा?"

"तुमी सांगितलं तसंच. माती व्हती, ती ब्रशनं काढली. थिनरनं पुसला. मंग तेलात ठिवला. बाहेरचं तेल न्हाई साहेब, आपल्या लॅबमधलंच, पंपासाठी नेलेलं घरात व्हतं. तुमचा फोन लागंना, म्हनलं गंज नको चढाया. लई पिला! बुडबुडं काय थांबंनात. येकदा डबा परत भरला." आणि मग त्यांनी जे म्हटलं ते मी जन्मात विसरणार नाही. "देव केला न्हाई साहेब. सॅम्पलच केला."

सर त्यांच्याकडे वळले. दिसत नव्हतं, तरी आवाजाच्या दिशेने वळले.

"बरोबर झालं न्हवं?" मामांनी विचारलं.

"बरोबर केलंत," सर म्हणाले. "गंज चढला असता."

मामा चहा पिऊन, मोसंबीच्या दोन फोडी खाऊन गेले. फाटकाचा आवाज झाल्यावर मी म्हटलं, "सर, मधोमध कापला तर? आतला भाग कोरडा असेल."

"बुडबुडे आले म्हणाले ना ते. हवा बाहेर आली, म्हणजे तेल आत गेलं." दगड अजून त्यांच्या मांडीवर होता. "शेंदराची भीती वाटायची मला. तो मी सगळ्यांना नको म्हणून सांगितला. हे सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच सांगितलं. सॅम्पल समजा." आणि मग ते रडले. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी रुमाल धरून नुसती उभी राहिले.

दगड खरा होता. तोच काळा, ठिसूळ, कार्बनवाला. म्हणजे मिळायला हवा होता तोच मिळाला होता. सरांनी एका शास्त्रज्ञांना फोन केला आणि पहिलं वाक्य तेलाचं सांगितलं. त्यांच्या संस्थेचे लोक आले, रीतसर कागद करून मोठा भाग घेऊन गेले, लिंबाएवढा तुकडा ठेवून गेले. त्यांना आनंदच झाला होता. दगडाचं वय, त्यातली खनिजं, सगळं त्यांच्या कामाचं होतं. जिवाच्या कच्च्या मालाचं मी विचारलं तेव्हा त्यांच्यातले तरुण गृहस्थ अदबीने म्हणाले, "मॅडम, आत आता सगळं पेट्रोलियम आहे. त्यातून काय काढणार?" सर खिडकीबाहेर बघत होते. असा दगड एका माणसाच्या आयुष्यात, एका तालुक्यात, पुन्हा पडत नाही. हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

मामांना मात्र कोणीच काही सांगितलं नाही. आई त्यांच्यावर रुसली ती रुसलीच. रानात चालून आलेला देव ह्यानं कंपनीला दिला, असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. ती थोरल्याकडे राहायला गेली आणि तिथेच वारली. मामा खांदा द्यायला पुढे झाले, तर भावाने त्यांचा हात बाजूला सारला. आम्ही भेटायला गेलो तेव्हा दगड पडलेल्या खड्ड्यापाशी चार विटांचं देऊळ झालेलं होतं. आत शेंदूर थापलेला एक काळा गोळा. मी ओळखला, सरांनी तर लांबूनच ओळखला असणार. स्लॅग होती. मूळ दगड नाही म्हणून भावाने रस्त्याच्या भरावातून हाच उचलून बसवला होता. सरांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच खाली आला. चुंबक त्यांनी काढलं नाही.

परतताना मामा स्कूटरपाशी आले. "साहेब, रिपोर्ट आला का?"

"पेंडिंग आहे, मामा."

मी चिडले. रस्त्यात म्हटलं, "सर, एकदाचं सांगून टाका ना त्यांना. किती दिवस ताटकळत ठेवणार?" ते म्हणाले, "काय सांगू? आई गेली, भाऊ तुटला, ते कशासाठी? डबाभर तेलासाठी?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

सर निवृत्त झाले, पाठोपाठ मामाही झाले. भेटले की मामा विचारायचे, आणि सर म्हणायचे, पेंडिंग. मग सरांची फुप्फुसं गेली. फाउंड्रीतली धूळ, दुसरं काय. शेवटच्या आठवड्यात मामा भुईमुगाच्या शेंगा घेऊन दवाखान्यात आले. संध्याकाळच्या भेटीची वेळ होती, मी कॉटशी बसले होते. मामांनी शेंगा टेबलावर ठेवल्या आणि हात जोडून उभे राहिले.

"साहेब, येवढं सांगा. दगडात काय घावलं का? न्हाई घावलं तरी सांगा. मला निस्तं कळाया पायजे, म्या केलं त्ये का केलं."

सरांनी तोंडावरचा मास्क हाताने बाजूला केला. माझ्याकडे बघितलं. मग मामांकडे.

"ओके आहे," ते म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हणजे सापडला. दुसरा पीस."

मामा खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "ह्ये आईला सांगाया पायजे व्हतं," आणि तोंडाला टॉवेल लावून हुंदके देऊ लागले.

ते गेल्यावर सर म्हणाले, "तोंडी आहे. सही नाही केली." थोडी धाप ओसरल्यावर पुन्हा म्हणाले, "तू असला रिपोर्ट कधी देऊ नकोस." चार दिवसांनी ते गेले. एवढी वर्षं मान वर करून बसलेला माणूस, आणि वरून आलेलं हातात पडलं ते असं. कोणीतरी त्यांची थट्टा केली असं मला वाटत राहिलं. थट्टा करणारं तिथे कोणी नाहीच, हे त्याहून वाईट वाटतं. यातून मी काही शिकले वगैरे नाही.

पुतण्याने घर विकलं. अंगणातला ढीग एका ट्रॅक्टरवाल्याने उचलून कुठल्यातरी रस्त्याच्या भरावात टाकला. लिंबाएवढा तुकडा माझ्याकडे आहे, मोशीच्या फ्लॅटमध्ये, पुस्तकांच्या कपाटात, स्टीलच्या डब्यात.

मामांचा अधूनमधून फोन येतो. गावात ते सगळ्यांना सांगत असतात, आपल्या रानातल्या दगडात जीव घावला, साहेबांनी मरताना सांगितलं. कोणी हसतं, कोणी हसत नाही. परवा फोन आला तेव्हा म्हणाले, "ताई, त्यो दगड उघडा न्हाई ना ठिवला? तेल सुकलं आसंल आता. गंज चढल. साहेब न्हाईत, तुमालाच बघाया पायजे."

मी कपाट उघडलं. कागद वाळून कडक झाला होता आणि दगड कोरडा दिसत होता. दुसऱ्या दिवशी कंपनीतून बाटलीत तेल आणलं, वाटीत ओतलं, दगड त्यात सोडला आणि बघत बसले. एकही बुडबुडा आला नाही. मग तो नव्या कागदात गुंडाळला, दोरा बांधला, डब्यात ठेवला आणि मामांना फोन लावला.

"तेल मारलं का ताई?"

"मारलं."

"बराबर हाय न्हवं समदं?"

"ओके आहे, मामा," मी म्हटलं.